खोडदच्या डिश नेमकं काय ऐकतात?

पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग जीएमआरटी दुर्बिणीमुळे अडला, म्हणून जुन्नर तालुक्यात राग आहे. राग रास्त आहे; पण ती दुर्बीण काय करते हेही माहीत हवं.

१९६७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थिनी जोसेलिन बेल यांना आकाशातून दर १.३ सेकंदांनी येणारा ठोका सापडला. तो पल्सार! सूर्याहून जड, पण रुंदी जेमतेम २०-२५ किलोमीटर.

गोविंद स्वरूप यांनी खोडदला ४५ मीटरच्या ३० डिश उभारल्या. २०२३ मध्ये त्यांच्या आणि युरोपच्या नोंदी जोडल्यावर, पल्सारच्या ठोक्यांतल्या अतिसूक्ष्म फरकांतून गुरुत्वीय लहरींचे पुरावे दिसले.

हे ठोके फारच क्षीण असतात. शेजारच्या रेडिओ गोंगाटात ते बुडतात.

रेल्वे मागूच, हक्काने मागू. पण दुर्बिणीला शत्रू ठरवून नको.