गरोदरपणातला सीएमव्ही : रिपोर्ट कसा वाचावा?

मंडळी, भारतात गरोदरपणात 'टॉर्च' ही रक्ततपासणी बऱ्याच ठिकाणी सर्रास करतात. इथे अमेरिकेत सीएमव्हीची तपासणी सगळ्यांची होत नाही. त्यामुळे सुट्टीत पुण्याला काढलेला 'आयजीएम पॉझिटिव्ह' रिपोर्ट घेऊन इथल्या डॉक्टरांसमोर बसायची वेळ एखादीवर येते. तेवढ्या एका ओळीवरून घाबरू नका, आणि कुठलाही निर्णय तर मुळीच घेऊ नका.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. मोठ्या माणसांना जेमतेम ताप येतो, बरेचदा तोही नाही. पण अमेरिकेत साधारण 200 पैकी एक बाळ हा संसर्ग घेऊन जन्मतं, आणि अशा पाचांतल्या एकाला बहिरेपणासारखा कायमचा त्रास होतो.

खरा प्रश्न असतो, संसर्ग झाला कधी? आयजीएम कित्येक महिने रेंगाळतं, कधी चुकीचंही पॉझिटिव्ह येतं. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टाइमस्टॅम्प नसलेली लॉग फाईल!) तारखेचा अंदाज देते ती आयजीजीची 'अ‍ॅव्हिडिटी' चाचणी. अँटिबॉडींची विषाणूवरची पकड सैल असेल तर संसर्ग बहुधा गेल्या तीन-चार महिन्यांतला. पहिल्या तिमाहीतच पकड घट्ट दिसली तर तो बहुधा दिवस राहण्याआधीचा. हीच चाचणी पाचव्या-सहाव्या महिन्यात केली तर घट्ट पकडीवरून फारसं कळत नाही, म्हणून डॉक्टरांना लवकर विचारा.

पहिल्या तिमाहीतला नवा संसर्ग साधारण तीनांपैकी एका बाळापर्यंत पोचतो. पुढच्या महिन्यांत हे प्रमाण वाढतं, पण गंभीर इजा मुख्यतः सुरुवातीच्या संसर्गातच होते. बाळाला लागण झाली का, हे गर्भजल तपासून कळतं. त्यासाठी संसर्गानंतर निदान 8 आठवडे थांबतात, कारण विषाणू बाळाच्या लघवीवाटे गर्भजलात उतरायला वेळ लागतो.

2020 साली 'लॅन्सेट'मध्ये इस्राएलमधला एक अभ्यास आला. लवकर संसर्ग झालेल्या गरोदर स्त्रियांना रोज 8 ग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर दिल्यावर लागण झालेल्या बाळांचं प्रमाण 30 वरून 11 टक्क्यांवर आलं. अभ्यास लहान होता, आणि हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

भारतात वाढलेल्या बहुतेकींना सीएमव्ही लहानपणीच होऊन गेलेला असतो. तरी पूर्ण अभय नाही, जुना विषाणू जागा होऊ शकतो किंवा नवा प्रकार लागू शकतो. घरात थोरलं भावंड असेल तर त्याचं उष्टं संपवायची आपली सवय नऊ महिने बाजूला ठेवा, पापा कपाळावर घ्या, डायपर बदलल्यावर हात साबणाने धुवा.

आणि शंका असेल तर बाळाची लाळ किंवा लघवी जन्मानंतर 21 दिवसांच्या आत तपासून घ्या. त्यानंतर पॉझिटिव्ह आलं तर संसर्ग पोटातला की बाहेरचा, हे नक्की सांगता येत नाही.