उलटं फिरणारं क्षेत्र : असमतोल विजेचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण तीन फेजची वीज कशी रुजली ते पाहिलं. तिन्ही व्होल्टेज सारखी, एकमेकांपासून १२० अंशांवर. त्यातून मोटरमध्ये एकसारखं फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पण ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात एका फेजवर भार जास्त, दुसऱ्यावर कमी. मग काय होतं?

हा प्रश्न ऐरणीवर आला तो अमेरिकेतल्या रेल्वेमुळे. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेला कोळशाच्या जड गाड्या घाटातून ओढायच्या होत्या. वरच्या तारेत एकच फेज, इंजिनात मात्र तीन फेजच्या मोटरी. मधे फेज बदलणारं यंत्र. अशी यंत्रं चालतात कशी, हे १९१३ च्या अखेरीस वेस्टिंगहाउस कंपनीतले चार्ल्स फोर्टेस्क्यू गणितानं तपासू लागले. असमतोल पुरवठ्यावर मोटर कशी वागते, हाच त्यातला मूळ प्रश्न होता.

त्यांचं उत्तर १९१८ च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात मांडलं गेलं. तीन फेजमधला कुठलाही असमतोल घ्या. तो तीन सुटसुटीत भागांची बेरीज असतो. पहिला, नेहमीच्या क्रमानं फिरणारा समतोल संच. दुसराही समतोलच, पण उलट क्रमाचा. तिसऱ्यात तिन्ही फेज एकाच वेळी वर-खाली होतात. त्याचा प्रवाह न्यूट्रलमधून किंवा जमिनीतून परततो.

यातला दुसरा भाग मोटरचा वैरी. त्याचं क्षेत्र उलटं फिरतं, मोटरला मागे ओढतं आणि रोटर तापवतं. त्याला मोटरचा विरोधही फार कमी असतो, म्हणून व्होल्टेजमधला दोन-तीन टक्क्यांचा असमतोल प्रवाहात सहा ते दहा पट होऊन उतरू शकतो. नुसता हा उलटा भाग ओळखून यंत्र बंद करणारे रिले पुढे तयार झाले, ते याच गणितावर.

आता आपल्याकडच्या विहिरीवर या. एक फेज गेलेला असताना पंप सुरू करायला जावं, तर मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही. का? सुलटं आणि उलटं क्षेत्र तेव्हा अगदी समान जोराचं असतं. चालू मोटरचा फेज गेला तर ती फिरत राहते, म्हणून आपण निर्धास्त असतो. आत वाइंडिंग जळत असतं. ऐन पाण्याच्या पाळीला मोटर भरायला टाकावी लागते, तेव्हा त्या उलट्या क्षेत्राची किंमत कळते.