परदेशी पदवी व नोकरी

परदेशी पदवी व नोकरी : स्वदेशाबाहेरील विद्यापीठात शिक्षण पूर्ण केलेल्या व्यक्तीस त्या पदवीच्या बळावर यजमान देशात किंवा मायदेशी योग्य काम मिळण्याचा प्रश्न. पदवी मिळविणे हे गुणवत्तेवर अवलंबून असते. नोकरी मात्र कायदा, वर्ण, जात, ओळखीपाळखी आणि त्या त्या काळची गरज यांवर ठरते. या दोहोंमधील अंतराचा इतिहास मराठी समाजात सु. दीडशे वर्षांचा असून त्यात कोल्हापूर संस्थानाचे स्थान विशेष लक्षणीय आहे.

एकोणिसाव्या शतकात परदेशी जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याचे उद्दिष्ट बहुधा तेथे राहण्याचे नसे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा १९२२ पर्यंत केवळ लंडनमध्ये होत असल्याने मायदेशातील सर्वोच्च नोकरीचा रस्ताच परदेशातून जात होता. श्रीपाद बाबाजी ठाकूर हे १८६९ मध्ये या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परंतु त्यांच्या व सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या वयाविषयी आक्षेप घेऊन त्यांची नावे प्रथम वगळण्यात आली आणि वाद झाल्यानंतरच ती पुन्हा घेतली गेली. उत्तीर्ण झाल्यावरही नेमणूक गृहीत धरता येत नाही, हा धडा मराठी उमेदवारास इतक्या लवकर मिळाला होता.

आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांची हकीकत सर्वपरिचित असली, तरी तिची नोकरीविषयक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्या एम्. डी. झाल्या. त्या अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने आपल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. पदवी परदेशात आणि नेमणूक मायदेशी, तीही पदवीधर परतण्यापूर्वीच, असा हा योग त्या काळी विरळाच. त्यास कारण होते. स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य पुरविण्यासाठी १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभारण्यात आला होता व स्त्री-डॉक्टरांची मागणी अकस्मात वाढली होती. आनंदीबाई क्षयाने आजारी अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निधन पावल्या. कोल्हापूरचे पद त्यांना भूषविता आले नाही. पुढे कृष्णाबाई केळवकर यांना कोल्हापूर संस्थानाने उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी पाठविले व परतल्यानंतर त्यांनी त्याच रुग्णालयात दीर्घ काळ सेवा केली. लंडनमध्ये शिकून आलेल्या रखमाबाई यांनाही सुरत व राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांत काम मिळाले. स्त्री-वैद्यकाच्या या एकाच क्षेत्रात परदेशी पदवी व देशी नोकरी यांची सांगड सहज बसली, असे म्हणता येईल.

राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये असताना २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील रिक्त जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश प्रसिद्ध झाला. नोकरी हा केवळ व्यक्तिगत कर्तबगारीचा विषय नसून जागा कोणासाठी मोकळी आहे यावर ती अवलंबून असते, हे या आदेशाने उघडपणे मान्य केले. त्याच धोरणाचे दुसरे अंग म्हणजे नवीन कामे निर्माण करणे. भोगावती नदीवर फेजिवडे गावाजवळ धरण बांधण्याचा संकल्प व तेथे राजकन्या राधाबाई यांच्या नावाने वसविलेले राधानगरी हे गाव हे त्याचे ठळक उदाहरण होय. धरणाचे काम शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस सुरू झाले, महायुद्धाच्या काळात अर्धवट थांबले आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९५० च्या दशकात पूर्णत्वास गेले. दाजीपूरच्या जंगलाला लागून असलेल्या या दुर्गम मुलखात स्थापत्यविशारद, मोजणीदार, कारकून व कारागीर यांना काम मिळाले. परंतु असे प्रकल्प थोडे होते. एका संस्थानाच्या तिजोरीवर किती विशेषज्ञ पोसले जाणार, ही मर्यादा उघड होती.

याच काळातील चीनचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. चिनी शासनाने १८७२ पासून एकशेवीस मुले अमेरिकेत शिकण्यास पाठविली आणि ती परकीय चालीरीतींत रमल्याच्या संशयावरून १८८१ मध्ये ही योजनाच गुंडाळली. त्यांतील जान त्यानयू यांनी येल विद्यापीठात स्थापत्यशास्त्राची पदवी घेतली होती. पण परतल्यावर त्यांना रेल्वेऐवजी नौदलाच्या शाळेत धाडण्यात आले व शिकलेली विद्या कित्येक वर्षे पडून राहिली. अखेर १९०५ ते १९०९ या काळात त्यांनी पेकिंग–काल्गान हा लोहमार्ग परकीय अभियंत्यांविना बांधून दाखविला. अमेरिकेत राहून काम करण्याचा पर्यायही चिनी पदवीधरास जवळजवळ नव्हता. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने मजुरांना प्रवेशबंदी केली. विद्यार्थ्यांना सूट होती, मात्र ती शिकण्यापुरतीच. हा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, तेव्हा चिनी लोकांसाठी वर्षाला १०५ जागांचा कोटा ठरला.

हिंदी विद्यार्थ्यांवर हीच वेळ थोड्या उशिराने आली. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पडेल ते काम व शेतमजुरी करीत कृषिशास्त्र शिकले. ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत त्यांचे अध्ययन झाले. गदर चळवळीतही ते अग्रभागी होते. १९१७ च्या कायद्याने आशियाचा बहुतेक भाग प्रवेशबंदीच्या कक्षेत आणला आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. अशा परिस्थितीत तेथील पदवीचा तेथेच उपयोग होणे दुरापास्त होते. खानखोजे यांना प्राध्यापकपद मिळाले ते मेक्सिकोत, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात. मेक्सिकन क्रांतिकारकांशी पूर्वी झालेला परिचय त्यास साहाय्यभूत ठरला. मक्यावरील त्यांचे संशोधन तेथे मान्यता पावले. दिएगो रिव्हेरा यांच्या एका भित्तिचित्रातही ते दिसतात.

मायदेशी परतलेल्यास अडविणारी गोष्ट कायदा नव्हे, तर जात असू शके. भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. मोबदल्यात दहा वर्षे संस्थानाची चाकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्क व लंडन येथील अध्ययनानंतर १९१७ मध्ये ते बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. नेमणूक होती, पगार होता. राहण्यास जागा मात्र मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, कचेरीतील शिपाई त्यांच्यापुढे कागदपत्रे लांबून टाकीत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. १९१८ च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे भरलेल्या परिषदेस शाहू छत्रपती उपस्थित होते. त्याच वर्षी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी आंबेडकर लंडनला परतले, तेव्हा महाराजांनी त्यांना अर्थसाहाय्य केले. शिष्यवृत्ती, करार व नोकरी या तिन्ही गोष्टी हाती असूनही सामाजिक स्वीकृतीवाचून त्या व्यर्थ जातात, याचे याहून लख्ख उदाहरण मराठी इतिहासात नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाची दिशा बदलली. अमेरिकेने १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या शंभर जागा खुल्या केल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढून कुशल व्यावसायिकांना वाट करून दिली. १९४८ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय आरोग्यसेवेलाही भारतीय डॉक्टरांची निकड भासली. पुणे, माटुंगा व सांगली येथील अभियंते आणि मुंबई-पुण्यातील वैद्यकीय पदवीधर मोठ्या संख्येने बाहेर पडले व पुष्कळसे तेथेच स्थायिक झाले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून होते. उत्तर अमेरिकेतही ठिकठिकाणी मंडळे निघाली. गणेशोत्सव हे त्यांचे दृश्य कार्य. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास खोली, ओळख आणि नोकरीची बातमी पुरविणे हे कमी बोलले जाणारे, पण बहुधा अधिक उपयुक्त कार्य होय.

आजचा पदवीधर कालगणनेच्या कचाट्यात असतो. अमेरिकेत शिक्षणानंतर बारा महिने व्यावहारिक प्रशिक्षणाची मुभा असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांस २०१६ च्या नियमानुसार आणखी चोवीस महिने मिळतात. एवढ्या अवधीत एच-१बी परवान्यासाठी पुरस्कर्ता मालक शोधावा लागतो. १९९० च्या कायद्याने आणलेल्या या परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी २०,००० अधिक आहेत. अर्जदार जास्त असल्याने निवड सोडतीने होत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या उमेदवारांच्या अर्जांवर एक लक्ष डॉलरचा आकार लावण्याचा आदेश निघाला. कायम वास्तव्यासाठी कोणत्याही एका देशास सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, म्हणून भारतीय व चिनी अर्जदारांच्या रांगा सर्वांत लांब आहेत. ब्रिटनने पदवीनंतरची दोन वर्षांची मुभा २०१२ मध्ये काढून घेतली व १ जुलै २०२१ पासून निराळ्या रूपात परत दिली. भरमसाट शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने असा एक बदल म्हणजे घरची जमीन राहणे किंवा जाणे असू शकते. नोकरी न मिळाल्यास परतफेड रुपयांत मिळणाऱ्या पगारातून करावी लागते.

अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांत २०२३-२४ साली भारतीयांची संख्या ३,३१,६०२, तर चिनी विद्यार्थ्यांची २,७७,३९८ होती. भारताने या बाबतीत चीनला पुष्कळ वर्षांनी मागे टाकले. परतणाऱ्या चिनी पदवीधरांना त्यांच्या भाषेत उच्चारसाम्यामुळे ‘समुद्री कासव’ म्हणतात. पूर्वी त्यांना मायदेशी विशेष मान असे. अलीकडे स्थानिक पदवीधरांची संख्या फुगल्याने तो ओसरला आहे.

महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या परदेश शिष्यवृत्तीस राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. तीत विद्यापीठाचे शुल्क, निर्वाहभत्ता व विमानप्रवासाचे भाडे मिळते, त्यामुळे राधानगरीसारख्या डोंगरी तालुक्यातील गुणवंतास जमीन गहाण न टाकता जाणे शक्य होते. शिक्षणानंतरची नोकरी या योजनेच्या कक्षेत येत नाही.