इंग्रजी व्याकरणातील संज्ञा आल्या कोठून?



शालान्त परीक्षा जवळ आली की घराघरांतून ज्या विषयाची धास्ती बोलून दाखविली जाते, तो बहुधा इंग्रजीच असतो. नाउन, प्रोनाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह ही नावे दरवर्षी फळ्यावर लिहिली जातात, पाठ होतात आणि दरवर्षी विसरली जातात. ती कोठून आली, कशासाठी आली, हे मुलांना कोणी सांगत नाही, हे याचे एक मोठे कारण आहे असे आम्हांस वाटते.

ही नावे मुळात इंग्रजांची नव्हेतच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील डायोनिशियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग आहेत. रोमन पंडितांनी ते लॅटिनला लावले. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, म्हणून तो वर्ग गळाला व त्याच्या जागी केवलप्रयोगी शब्द येऊन बसले. १५८६ साली विल्यम बुलोकर याने इंग्रजीचे व्याकरण छापले, तेही लॅटिनच्याच साच्यात. पुढे १७९५ मध्ये लिंडली मरे या मूळच्या अमेरिकन वकिलाने यॉर्क येथील मुलींच्या शाळेसाठी लिहिलेले व्याकरण जगभर पोहोचले. त्याने तर नऊ वर्ग मोजले! तेव्हा आठ हा आकडा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशी जी मांडणी आपण मराठीच्या तासाला शिकतो, ती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रूढ झालेली आहे. म्हणजे मराठीच्या तासाला नाम ओळखणारा मुलगा इंग्रजीच्या तासाला नाउनपुढे अडखळतो, तेव्हा तो ओळखीच्याच माणसाला परका समजत असतो. उर्दू शिकणाऱ्या मुलांना इस्म, फ़ेल आणि हर्फ़ हे तीन वर्ग ठाऊक असतात. ही अरबी परंपरा आठव्या शतकातील सीबवैहि याच्या ग्रंथापर्यंत मागे जाते. नाम, सर्वनाम व विशेषण या तिन्हींना तेथे इस्म हे एकच घर आहे.

खरी अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. आपण 'घरात' म्हणतो, उर्दूत 'घर में' म्हणतात. नाते दाखविणारा शब्द वा प्रत्यय मागून येतो. इंग्रजीत तो आधी येतो, 'इन द हाउस'. प्रेपोझिशन या नावातच 'आधी ठेवलेला' हा अर्थ आहे. अरबीतही तसेच, 'फिल् बैत'. अरबी वाचणाऱ्या मुलाला हे चटकन पटते.

आर्टिकल तर मराठीत नाही आणि उर्दूतही नाही, म्हणून 'अ' आणि 'ॲन' यांत हटकून घोटाळा होतो. स्वर आला की 'न' जोडावा, असा नियम शिकविला जातो. इतिहास नेमका उलटा आहे. 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून प्रथम 'ॲन' झाला आणि व्यंजनापुढे त्याचा 'न' गळून पडला. ही ओढाताण इतकी झाली की 'अ नॅप्रन' याचे लोकांनी 'ॲन एप्रन' करून टाकले, आणि आज तोच शब्द शुद्ध आहे!

तिसरी अडचण शब्दांच्या क्रमाची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. 'बैलाने शेतकऱ्याला मारले' हे वाक्य 'शेतकऱ्याला बैलाने मारले' असे फिरविले तरी अर्थ तोच राहतो, कारण विभक्तिप्रत्यय राखण करीत असतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. पुढील काही शतकांत ते बहुतेक झिजले आणि त्यांचे काम शब्दाच्या जागेवर येऊन पडले. म्हणून इंग्रजी वाक्यात बैल आणि शेतकरी यांची अदलाबदल केली की मार बैलाला बसतो! सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट हा क्रम शिक्षक घोकून घेतात, तो एवढ्याचसाठी.

ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांनीही उजळणीच्या वेळी हात जोडून बसू नये. मुलाने धड्यातले एक वाक्य वाचावे आणि आपण आपल्याच भाषेत विचारावे: कोणी केले? काय केले? कोणाला केले? मुलाने तो तो शब्द बोटाने दाखवावा आणि मग त्याचे इंग्रजी नाव सांगावे. रोज अशी पाच वाक्ये पुरेत.