वाळूवरची वहिवाट

इ. स. २०१६ च्या ऑगस्ट महिन्यात इटलीतील टस्कनीच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाने एक निराळीच जप्ती केली. जप्त झाला तो चोरटा माल नव्हे. छत्र्या, घडीच्या खुर्च्या आणि पंचे! सुटीवर आलेली मंडळी हे सामान रात्रीच वाळूत मांडून ठेवीत व निवांत झोपावयास जात. हेतू एवढाच की, सकाळी सावकाश उठून यावे तेव्हा पाण्यालगतची पहिली रांग आपलीच असावी. ज्यांना आपल्या वस्तू परत हव्या असतील त्यांच्यावर दोनशे युरो दंडाची पाळी आली.

बातमी वाचून हसू येणे साहजिक आहे. परंतु जी जागा कोणा एकाची नाही, तेथे एखादी वस्तू ठेवून माणूस निघून गेला तर ती जागा त्याची होते काय, हा प्रश्न पोरकट खासच नाही. आपल्या मुलखात महसुली दफ्तरे चाळलेल्या कोणाही अधिकाऱ्यास त्याची ओळख पटेल. कुंपणाची पहिली काठी नेहमी रात्रीच रोवली जाते, हे त्यास सांगावयास नको. इटलीपुरते पाहिले तर या प्रश्नाचा निर्णय तेथील कायदेपंडितांनी फार पूर्वी देऊन ठेवला होता.

सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये रोमन कायद्याचे जे संकलन प्रसिद्ध झाले, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यामुळेच समुद्रकिनाराही निसर्गतः सर्वांचा आहे, असे सांगितले आहे. किनारा म्हणजे कोठपर्यंत? तर हिवाळ्यातील सर्वांत मोठी लाट जेथवर चढते तेथपर्यंत. या पट्ट्यात कोणीही आसऱ्यासाठी झोपडी उभारावी, जाळी वाळवावीत, ती पाण्यातून वर ओढावीत. त्याला आडकाठी नाही. मार्सियानस नावाच्या विधिज्ञाने याच्याही पुढे जाऊन एक मार्मिक नियम नोंदविला आहे. किनाऱ्यावर जो बांधकाम करील त्याची त्या जमिनीवर मालकी होते, पण ते बांधकाम उभे असेतोपर्यंतच. ते पडले की जागा पुन्हा सर्वांची होते, आणि दुसऱ्याने तेथे काही उभारले तर ती त्याची. पाँपोनियसने त्यास आणखी एक अट जोडली आहे: असे काही उभारण्याआधी न्यायाधिकाऱ्याची अनुमती घेतली पाहिजे. (अर्ज आणि मंजुरी यांचा जाच आपणच शोधून काढला, असा कोणी गर्व वाहू नये.) फोर्मिए येथील कोळ्यांनी सम्राट अँटोनायनस पायस याच्याकडे दाद मागितली होती, तिला मिळालेल्या उत्तराचा उल्लेखही याच ग्रंथात आहे. मासेमारीसाठी किनाऱ्यावर जाण्यास कोणासही मज्जाव नाही. मात्र तेथील वाडे, इमारती व स्मारके यांपासून दूर राहावे, असा त्याचा आशय. श्रीमंत रोमनांची समुद्रकाठची निवासस्थाने आणि कोळी यांचे भांडण तेव्हाही होते, हे त्यावरून ध्यानी येते.

या सर्व विवेचनात शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर उभा आहे तो कोळी. ओले जाळे घटकाभरात वाळत नाही. ते रात्रभर वाळूवर राहिले तरी त्या वेळीही त्याचा उपयोग चालू असतो. सुटीकराच्या खुर्चीची गोष्ट वेगळी. रात्री तिच्यावर कोणी बसलेले नसते. तिचे एकच काम, दुसऱ्यास बसू न देणे. उपयोग आणि अडवणूक यांतला हा भेद रोमनांना कळत होता, पण सुटी घालविण्यासाठी हजारो माणसे वाळूवर लोटतील, ही कल्पना मात्र त्यांच्या कायद्यात नव्हती.

तो प्रकार अठराव्या शतकातला. इंग्लंडात स्कारबरोच्या किनाऱ्यावर १७३५ च्या एका चित्रात स्नानासाठी चाकांवरची खोली दिसते. डॉक्टरांनी समुद्रस्नान हे औषध ठरविले आणि प्रतिष्ठित लोक किनाऱ्याकडे वळले. जर्मनीत बाल्टिक समुद्रावर हायलिगेनडाम येथे १७९३ मध्ये पहिले समुद्रस्नानगृह निघाले. याच किनाऱ्यावर पुढे एक वस्तू जन्मास आली, आणि तिच्याभोवती जे घडले ते मुळातून जाणून घेण्यासारखे आहे.

१८८२ मध्ये रोस्टोक शहरातील बुरूडकाम करणाऱ्या विल्हेल्म बार्टेलमान याच्याकडे एल्फ्रीडे फॉन माल्टझान नावाची एक बाई आली. संधिवाताने जडलेल्या या बाईला समुद्राकाठी बसावयाचे होते, पण वारा सोसवत नव्हता. बार्टेलमानने तिच्यासाठी वेताचे छतदार आसन विणून दिले. दुसऱ्याच वर्षी त्याच्या पत्नीने वार्नेम्युंडे येथे अशी आसने भाड्याने देण्याचा धंदा थाटला. थोड्याच काळात जर्मन किनाऱ्यावर या वेताच्या आसनांच्या रांगा लागल्या.

येथवर सारे निर्दोष होते. परंतु एकदा आसन मिळाले की त्याच्याभोवती वाळूचा गोल बांध घालावयाचा, अशी रूढी पडली. वारा अडावा हे निमित्त होते. खरे कारण हद्द आखणे हे होते. कुटुंबप्रमुख फावडे घेऊन पहिल्या दिवशी हा कोट रचावयाचा, शिंपल्यांनी त्यावर आपल्या गावाचे नाव लिहावयाचा, आणि सुटी संपेपर्यंत तो कोट त्या कुटुंबाचा मानला जावयाचा. रात्री तो ओस पडे, तरी दुसऱ्याने त्यात पाऊल टाकू नये असा संकेत होता. मार्सियानसचा नियम नकळत पुनश्च अवतरला होता, पण कोळ्याच्या गरजेवाचून.

मग कोटावर निशाण आले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत प्रजासत्ताक स्थापन होऊन काळा-तांबडा-सोनेरी ध्वज अधिकृत झाला. जुन्या साम्राज्याच्या अभिमान्यांनी मात्र काळा-पांढरा-तांबडा सोडला नाही. हा तंटा इतका चिघळला की, १९२६ मध्ये ध्वजाविषयीच्या एका आज्ञेवरून चान्सलर लूथर यांना पद सोडावे लागले. त्याचे प्रतिबिंब वाळूच्या कोटांवरही पडले. कोणत्या कोटावर कोणते निशाण फडकते, यावरून शेजारी मित्र की वैरी हे ठरू लागले. प्रजासत्ताकाचे निशाण लावणाऱ्यास त्रास देणे, ते उपटणे, असे प्रकार घडू लागले. यहुदी पाहुण्यांना तर कित्येक ठिकाणी उघडपणे ‘येऊ नका’ असे सांगण्यात येई. उत्तर समुद्रातील बोर्कुम बेटावर तशा अर्थाचे एक गाणेच पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वाजविले जाई. सरकारने १९२४ मध्ये ते वाजविण्यास बंदी केली, पण न्यायालयात ती टिकली नाही. १९३३ नंतर जे काम गाण्याने चालत होते ते सरकारी पाट्यांनी होऊ लागले.

वाळूच्या एका बांधातून हे सारे उद्भवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. द्वेषाची मुळे अन्यत्र होती. परंतु ज्या किनाऱ्यावर सर्वांचा हक्क, तेथे ‘ही आमची जागा’ असे म्हणण्याची सवय आधीच अंगवळणी पडली होती, हे दृष्टीआड करता येत नाही.

आज त्याच जर्मन किनाऱ्यावर अनेक ठिकाणी असे कोट रचण्यास मनाई आहे. कारण राजकीय नव्हे. वाळू उकरल्याने किनाऱ्याची झीज वाढते. वेताची आसने मात्र टिकली आहेत. ती रात्रभर वाळूवरच असतात, पुढून लाकडी जाळीने कुलूपबंद केलेली. मात्र ती परवान्याने भाड्यावर दिलेली असतात. पाँपोनियसला हा प्रकार पसंत पडला असता.

हा रोमन विचार आपल्याकडेही पोहोचला आहे, तोही समुद्रमार्गे नव्हे. हिमाचल प्रदेशात एका हॉटेलासाठी बिआस नदीचा प्रवाह वळविल्याच्या प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. हवा, समुद्र, पाणी, वने ही शासनाकडे लोकांच्या वतीने ठेव म्हणून असतात, हे तत्त्व त्यात रोमन कायद्याचा दाखला देऊन भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य झाले. त्यापूर्वीच, १९९१ मध्ये, भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर केंद्र सरकारने निर्बंध घातले होते. हिवाळ्यातील लाटेची जागा भरतीरेषेने घेतली एवढेच. २०११ च्या सुधारित अधिसूचनेने मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण हा हेतू स्पष्ट शब्दांत नमूद केला.

गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी बांबूच्या आणि झावळ्यांच्या खानावळी हंगामापुरत्या परवान्याने उभ्या राहतात. पावसाळ्यापूर्वी त्या उकलून न्याव्या लागतात. त्यांबरोबर आरामखुर्च्या आणि छत्र्याही जातात. त्याच सुमारास कोकणात आणि गोव्यात मासेमारीच्या होड्या वर ओढून घेतात व झापांनी शाकारून ठेवतात. पुढचे दोन महिने त्या तेथेच असतात, रात्रंदिवस. आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्यास ही जागा कोणी अडविली, असे वाटत नाही.