गोडसे भटजी कशासाठी निघाले?

पर्यटनाचा इतिहास सांगताना बहुधा 5 जुलै 1841 या दिवसापासून आरंभ करतात. त्या दिवशी थॉमस कुक यांनी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे माणशी एक शिलिंग घेऊन आगगाडीने नेली. निमित्त मद्यपानविरोधी मेळाव्याचे होते, मौजेचे नव्हे, हे मात्र सांगायचे राहून जाते. या आरंभबिंदूविषयी आमची तक्रार आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, 1840 मध्ये, कंपनी सरकारने प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी येथील यात्राकर रद्द केला होता. कर बसवावा इतकी माणसे तेथे पूर्वीपासून जात होती. उतरण्याची जागा, विधी, जेवणखाण आणि घराण्याची नोंद हे सारे तीर्थोपाध्याय एकहाती पाहत असत. कुक यांना जे नव्याने जमवावे लागले, त्यातले पुष्कळसे नाशिक-काशीच्या उपाध्यायांच्या ओसरीवर होतेच.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वर्गात शिकवताना आम्हाला हे फार जाणवते. विद्यार्थी तो सत्तावनच्या बंडाचे साधन म्हणून वाचतात. आम्हीही वर्षानुवर्षे तसाच शिकवत आलो. पण पेणजवळच्या वरसईचा हा तिशीतला भिक्षुक 1857 मध्ये घराबाहेर पडला, तो बंड पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आणि तेथे भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता आली होती. काकांबरोबर ते निघाले, पुण्यावरून उत्तरेकडे चालत राहिले आणि महूच्या सुमारास बंडाची बातमी कानी आली.

परत फिरणे शहाणपणाचे होते, पण ते पुढे गेले. येथे आम्हाला थांबावेसे वाटते. कर्ज फेडायला निघालेल्या माणसाच्या मनात तीर्थांची ओढ कधी शिरली, हे ग्रंथात कोठे रेघ ओढून दाखवता येत नाही. द्रव्य, पुण्य आणि निव्वळ पाहण्याची हौस ही तिन्ही एकाच गाठोड्यात आहेत. 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या सैन्याने झाशी वेढली, तेव्हा गोडसे शहरातच होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली. कोणत्या दिवशी कोणती चीजवस्तू लुटली गेली, हे ते एखाद्या कारकुनासारखे नोंदवतात, आणि म्हणूनच ती पाने अंगावर येतात. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली राणी ओंजळीने पाणी पिते. हा प्रसंग तर मराठी वाचकाच्या मनात कायमचाच कोरला गेला आहे.

मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले. घरी पोचली ती गंगोदकाची कावड, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. आजच्या हिशोबात हा प्रवास फसला असेच म्हटले जाईल. गोडशांनी मात्र तो तसा मांडलेला नाही, आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला आमची हरकत नाही.

ही हकीकत त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिली, तीही चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी आपले संस्करण करून ती 1907 मध्ये छापली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली. अभ्यासकाने दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वैद्यांच्या हातून भाषा नेटकी झाली, पण भटजींचा स्वतःचा बोलण्याचा सूर पुष्कळ मंदावला. प्रवासवर्णन कसे असावे याची सुशिक्षितांची कल्पना तोवर बदलली होती, हेही त्यामागचे एक कारण असावे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक 1889 मध्येच आले होते. तेथे प्रवासी समाज पाहायला, तोलायला जातो.

त्याच 1907 साली नेरळहून माथेरानला छोटी आगगाडी सुरू झाली. हवा पालटायला डोंगरावर जावे, ही गोऱ्या अंमलदारांची सवय. ती आता तिकिटाच्या पैशात मुंबईकरांनाही परवडू लागली. पोथीत रुळलेला ‘पर्यटन’ हा शब्द 1975 मध्ये राज्याच्या विकास महामंडळाच्या नावात गेला. वरसईहून माथेरानचा डोंगर काही फार लांब नाही. पण कर्जापायी तिकडे जाण्याचे कारण गोडशांना कधी पडले नसते.