बाटलीतल्या ॲक्रिलिकचं कूळ

ॲक्रिलिक रंगाच्या घराण्याची पहिली कमाई कुत्र्याच्या विष्ठेमुळे झाली, असं म्हटलं तर ते फारसं खोटं ठरणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपात कातडं कमावताना ते मऊ करायला कुत्र्याची विष्ठा आणि कबुतरांची शीट वापरत. त्या घाणीच्या जागी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं विकर वापरता येतं, हे जर्मनीतल्या ऑटो ऱ्योम या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. १९०७ मध्ये त्याने ऑटो हास या मित्राबरोबर कंपनी काढली आणि 'ओरोपोन' नावाने ते विकायला सुरुवात केली. कातडं कमावणारे खूश झाले, पैसा आला. १९०९ मध्ये ऱ्योमने कारखाना डार्मश्टाटला नेला आणि हास धंदा वाढवायला फिलाडेल्फियाला गेला.

ऱ्योमचं मन मात्र कातड्यात नव्हतं. १९०१ मध्ये ट्यूबिंगेनला त्याने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता तो ॲक्रिलिक आम्लापासून होणाऱ्या चिकट, पारदर्शक, रबरासारख्या पदार्थांवर. त्यांचं करायचं काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ओरोपोनच्या पैशावर तो त्या जुन्या प्रबंधाकडे पुनःपुन्हा वळत राहिला. १९१५ मध्ये त्याला एक पेटंट मिळालं. रंगात जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं घालतात, त्यांच्याऐवजी हा ॲक्रिलिक पदार्थ वापरता येईल, असं त्यात म्हटलं होतं. पुढची बरीच वर्षं त्यातून रंग काही झाला नाही. १९३३ मध्ये 'प्लेक्सिग्लास' ही न फुटणारी पारदर्शक काच निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात ती विमानांच्या खिडक्यांना लागली. म्हणजे पणत्या रंगवायला आपण जी छोटी बाटली आणतो, तिच्या सख्ख्या नात्यात एक विमानाची काच आहे.

ही कुळकथा सांगायचं कारण असं, की हस्तकलेसाठी रंग निवडताना माणूस बाटलीतली छटा बघतो. बघायला हवं ते छटेला धरून ठेवणारं द्रव्य. रंगाची पूड कुणाचीच नसते. तोच गेरू भिंतीवर जातो, कागदावर जातो, कापडावर जातो. तो कशात कालवला यावर तो कुठे टिकणार आणि कुठे पोपडे धरणार हे ठरतं. पूड डिंकात कालवली की जलरंग, सरसात कालवून खडू घातला की डिस्टेंपर, जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग, अंड्याच्या बलकात फेटली की टेंपेरा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी कोरड्या गिलाव्यावर रंग लावले, म्हणजे पूड भिंतीला धरायला त्यांनाही असं काही तरी कालवावंच लागलं. तिथल्या काही निळ्या छटांत अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला लाजवर्द आहे. पण एवढ्या लांबून आलेला तो महागडा दगडही चिकटाशिवाय भिंतीवर एक दिवस टिकला नसता.

यातलं तैलरंगाचं कूळ सगळ्यांत मिजासखोर. युरोपच्या कलेतिहासात बरीच शतकं त्याचं श्रेय यान व्हॅन आयक या एका चित्रकाराला दिलं गेलं. प्रत्यक्षात अफगाणिस्तानात बामियानच्या गुहांमध्ये सातव्या शतकातल्या बौद्ध चित्रांत अक्रोड किंवा खसखशीचं असावं असं वाळणारं तेल सापडलं. ते संशोधन २००८ मध्ये जाहीर झालं. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेऊन घट्ट होत जातं, त्यामुळे जाड थर आतून सुकायला महिने लागतात. सिमेंट आणि चुन्याच्या भिंतीवर त्याचं आणखी एक वाकडं: चुन्यातला क्षार तेलाचा साबण करतो आणि थर सुटतो.

नेमकं हेच मेक्सिकोतल्या चित्रकारांना खुपत होतं. क्रांतीनंतरच्या त्या देशात दिएगो रिव्हेरा, दाव्हिद आल्फारो सिकेरोस यांना रस्त्यावरच्या माणसाला दिसतील अशी प्रचंड भित्तिचित्रं काढायची होती, उन्हापावसात, सिमेंटवर. सिकेरोसने सरळ गाड्यांचा रंग उचलला. मोटारगाड्यांना झटपट वाळणारा 'ड्यूको' नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग अमेरिकेत मारला जाऊ लागला होता, तोच त्याने चित्रांना लावला. १९३६ मध्ये न्यूयॉर्कला त्याने एक प्रयोगशाळावजा कार्यशाळा काढली. तिथे रंग ओतणं, फवारणं, थेंब पाडणं असे सगळे उद्योग चालत. त्यात एक चोवीस वर्षांचा तरुण होता, जॅक्सन पोलॉक. पुढे जमिनीवर कॅनव्हास पसरून त्याने जे केलं ते जगाला माहीत आहे. मला मात्र या कहाणीत पोलॉकपेक्षा तो गाड्यांच्या रंगाचा डबा महत्त्वाचा वाटतो. चित्रकाराने चित्रकारांच्या दुकानात न जाता गॅरेजच्या दुकानात जाऊन रंग निवडला, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये लिओनार्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी ॲक्रिलिक राळेपासून 'मॅग्ना' नावाचे कलाकारांचे रंग केले. पण ते टर्पेंटाईनसारख्या द्रावणात पातळ करावे लागत. वास तोच, हात धुवायची कटकट तीच. पाण्याने धुता येणारं ॲक्रिलिक आलं ते घरांच्या भिंतींमुळे. युद्धानंतर अमेरिकेत लोक आपली घरं स्वतः रंगवू लागले होते आणि ब्रश नळाखाली धुवून मोकळं व्हावं ही त्यांची साधी अपेक्षा होती. फिलाडेल्फियाच्या रोम अँड हासने, म्हणजे १९०९ मध्ये तिकडे गेलेल्या हासच्या शाखेने, १९५३ मध्ये ॲक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेलं भिंतीच्या रंगाचं द्रव्य बाजारात आणलं. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, सिनसिनाटीत रंगांचा छोटा कारखाना चालवणाऱ्या हेन्री लेव्हिसनने तसल्याच द्रव्यात कलाकारांची रंगद्रव्यं घोटून 'लिक्विटेक्स' काढलं. मेक्सिकोतही होसे गुतिएरेस हा चित्रकार याच वाटेवर होता. १९६७ मध्ये डेव्हिड हॉकनीने कॅलिफोर्नियातला पोहण्याचा तलाव आणि त्यातला तो प्रसिद्ध पाण्याचा उडालेला फवारा रंगवला तो ॲक्रिलिकनेच. कलाकाराचा ॲक्रिलिक हा असा भिंतीच्या रंगाच्या पोटी जन्मला, आणि पुढे हस्तकलेच्या बाटलीत जरा पातळ होऊन उतरला.

आपल्याकडे या बाटलीवर बहुधा उंट असतो. हा उंट ज्यांचा, त्या दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत धंदा सुरू केला तो शाईचा. पेटीतले जलरंग, पोस्टर कलर, मग ॲक्रिलिक अशी मराठी घरातल्या मुलाची रंगाशी ओळख बऱ्याचदा त्याच उंटाच्या पाठीवरून झाली.

आता हा रंग वाळतो कसा ते बघू, कारण निवडीचं बरंचसं गणित तिथेच आहे. ओला असताना त्यातलं द्रव्य दुधाळ दिसतं. पाणी उडायला लागतं तसे प्लास्टिकचे कण जवळ येतात, भिजलेल्या साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटतात आणि एकसंध पारदर्शक पापुद्रा तयार होतो. दुधाळपणा गेला की छटा एक पायरी गडद होते. म्हणून ओल्या रंगावर छटा जुळवू नये, जरा कागदावर वाळवून बघावी. एकदा पापुद्रा झाला की पाण्याने तो पुन्हा सुटत नाही, त्यामुळे ब्रश पाच मिनिटं विसरला तर तो कामातून गेला. वाजवीपेक्षा जास्त पाणी घातलं तर कण एकमेकांना नीट धरत नाहीत आणि वाळलेला रंग बोटाला लागतो.

आणि तो पापुद्रा प्लास्टिकचा असल्यामुळे उन्हाळ्यात मऊ पडतो. दिवाळीच्या विक्रीसाठी मे महिन्यातच पणत्या रंगवून एकावर एक रचून ठेवल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि ओढून काढताना रंगाचे लचके येतात. यात रंग भेसळीचा नसतो, जातीचा गुण आहे तो. मध्ये बटर पेपर घालावा, किंवा वर कडक वार्निशचा हात द्यावा.

पणतीचीच गोष्ट निघाली आहे तर: भाजलेली माती पहिला हात पिऊन टाकते. म्हणून आधी पांढरा प्रायमर, नाहीतर पाणी घातलेला फेव्हिकॉल, आणि तो पूर्ण वाळल्यावर रंग. आतली बाजू मात्र कोरी ठेवावी. तेल मातीतून झिरपून रंगाच्या मागून येतं आणि वातीच्या तोंडाशी ॲक्रिलिकला ऊब सोसत नाही. दुकानात मांडलेल्या पणत्या आतूनही सोनेरी असतात. त्या लावायच्या नसून ठेवायच्या असतात असं मी समजतो.

कापडावर नुसता ॲक्रिलिक लावला तर कापड पुठ्ठ्यासारखं होतं. फॅब्रिक कलर म्हणून मिळतो तोही ॲक्रिलिकच्याच घरातला, पण त्याचं द्रव्य मऊ, वाकणारं. कोऱ्या कापडातली खळ धुवून काढल्याशिवाय तो धाग्यात शिरत नाही, खळीवरच बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर जातो. रंगवून दिवसभर वाळू द्यावं आणि मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी. उष्णतेने द्रव्य धाग्याला घट्ट धरतं.

काच, स्टील, गुळगुळीत प्लास्टिक इथे ॲक्रिलिकची मिजास चालत नाही. धरायला खडबडीतपणा नाही, म्हणून नखाने अख्खा पापुद्रा निघतो. तिथे हार्डवेअरच्या दुकानातलं इनॅमल बरं, ट्रकच्या मागची कमळं आणि मोर ज्याने रंगवतात ते. लोखंड असेल तर आधी रेड ऑक्साईड. वास येतो, थिनर लागतो, वाळायला रात्र जाते. पण पावसात उभं राहतं. खाण्यापिण्याच्या भांड्याच्या आतून मात्र दोन्ही नकोत.

लाकडी खेळण्यांच्या बाबतीत मी जुन्या कुळाच्या बाजूने आहे. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी ज्या तऱ्हेने रंगतात त्यात ब्रश नसतोच. लेथवर लाकूड गरगर फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. लाख ही पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरच्या किड्याने केलेली राळ. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवर चकाकीसाठी ती चढवतात, त्यामुळे लहान मुलाने तोंडात घातलं तर निदान चिकटाची भीती नाही. आत कालवलेली पूड कुठली, एवढं विचारावं. सावंतवाडीच्याच गंजिफांना लाखेचाच हात असतो. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवून केलेलं पत्त्याचं गोल पान हाताळून हाताळून मळू नये म्हणून ती लाख.

वारली चित्रांचं काय झालं हे या सगळ्यापेक्षा मजेदार आहे. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात सवासिनी भिंतीवर चौक लिहीत, तो शेण आणि गेरूने सारवलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने. पिठाला धरायला पाणी आणि थोडा डिंक. चित्र टिकावं अशी अपेक्षाच नव्हती, लग्न झालं की त्याचं काम संपलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णींनी या भागातल्या चित्रकारांच्या हातात कागद दिला आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले. कागदावर, कापडावर, विकत घेऊन न्यायच्या चित्राला तांदळाचं पीठ पुरेना. ते घडी पडली की झडतं. पांढरा पोस्टर कलर आला, मग ॲक्रिलिक. आज मशेंच्या चित्रांखाली संग्रहालयांत माध्यम म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात शेण आणि ॲक्रिलिक ही जोडी शेजारी शेजारी दिसते. काहींना त्यात भेसळ वाटते. मला ती चोख निवड वाटते: पार्श्वभूमी जिथून आली तिथलीच, आणि रेघ मात्र गुंडाळून विमानाने पाठवली तरी न झडणारी.

शाडूच्या गणपतीला याच्या नेमकं उलटं लागतं. तिथे रंग टिकणं हाच दोष. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्तीसाठी बिनविषारी, नैसर्गिक, पाण्यातले रंग सांगितले आहेत. बाटलीवर 'वॉटर बेस्ड' लिहिलेलं वाचून लोक ॲक्रिलिक आणतात. ते ओलं असेपर्यंतच पाण्याचं असतं. घरच्या बादलीत विसर्जन केलं की माती विरघळते आणि सोवळ्याचा पिवळा, शेल्याचा लाल असे पापुद्रे अख्खेच्या अख्खे उरतात. मग ती माती पुढच्या वर्षी वापरायची तर आधी चाळावी लागते. गेरू, हळद, खडू बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवून लावले तर हा प्रश्नच येत नाही. हळद उन्हात फिकी पडते खरी, पण घरच्या मखरात दीड दिवस, फार तर दहा दिवस ती पुरते.